यंदा गव्हाचं कोणतं वाण पेरायचं? पुणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाजरी काढून झाली, सोयाबीन घरात आलं की प्रश्नांची सुरुवात होते. जुन्नरपासून इंदापूरपर्यंत सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, पण प्रत्येकाचं उत्तर वेगळं निघतं. म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आकडे बहुतेक एकरात दिलेत. विद्यापीठाच्या शिफारशी हेक्टरी असतात, त्यांना अडीचने भागलं की एकराचा हिशेब मिळतो.

सगळ्यात चांगलं वाण कोणतं, तेवढंच सांगा.

तेवढंच सांगता येत नाही. वाणाचं नाव विचारण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहा. पहिली, पेरणी खरोखर कोणत्या तारखेला होणार. मनातली तारीख नको, रान रिकामं होऊन वाफसा (पेरणीजोगी ओल) येईल ती तारीख. दुसरी, पेरणीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत किती पाणी नक्की मिळणार. या दोन ओळी लिहिल्या की शंभर नावांतली दोन-तीन उरतात. त्यानंतर घरी खायला की विकायला, पोळीला की शेवयांना, एवढंच पाहायचं राहतं.

शेजाऱ्याला एकरी वीस पोती झाली म्हणून त्याचंच वाण आणायचं, हा हिशेब बहुतेक वेळा फसतो. त्याची विहीर तुमच्याकडे नसते.

तारखेला एवढं महत्त्व का? चार दिवस इकडेतिकडे झाले तर काय बिघडतं?

चार दिवसांनी काही बिघडत नाही, चार आठवड्यांनी बिघडतं. आपल्याकडची थंडी मुळातच आखूड. पंजाबातल्या गव्हाला जेवढी थंडी मिळते तेवढी दौंड-बारामतीत कधीच मिळत नाही. गव्हाला फुटवे फुटायला थंडी लागते आणि दाणा भरतानाही ऊन बेताचंच लागतं. उशिरा पेरलेला गहू दाणे भरण्याच्या वेळी नेमका फेब्रुवारीअखेरच्या, मार्चच्या उन्हात सापडतो. मग पीक घाई करतं, दिवस कमी भरतात आणि ओंबी दिसायला मोठी असली तरी दाणा बारीक, सुरकुतलेला निघतो.

बागायती गव्हाची वेळेवर पेरणी म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा जुना ठोकताळा असा, की १५ नोव्हेंबरनंतर दर पंधरवड्याच्या उशिराला हेक्टरी अडीच क्विंटल घट येते. म्हणजे एकरी एक क्विंटल गेला.

उलट बाजूही आहे. पाऊस लवकर उघडला म्हणून ऑक्टोबरच्या मध्यालाच बागायती गहू टाकणारे काही जण असतात. ऑक्टोबर हीटमध्ये गहू उगवतो भराभर, पण फुटवे धरत नाही आणि रान विरळ दिसतं. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा कोरडवाहू गव्हासाठी ठेवा, कारण तिथे जमिनीतली ओल हातची घालवून चालत नाही.

पाणी भरपूर आहे, १० नोव्हेंबरच्या आत पेरणी होईल. काय घ्यावं?

तुमच्याकडे निवडीला सगळ्यात जास्त वाव आहे. निफाडच्या कृषी संशोधन केंद्राची तपोवन (एनआयएडब्ल्यू ९१७), त्र्यंबक (एनआयएडब्ल्यू ३०१) आणि फुले समाधान (एनआयएडब्ल्यू १९९४) ही सरबती (पोळीच्या गव्हाची) वाणं घेता येतील. तिन्हींना साधारण ११५ ते १२० दिवस लागतात. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेची एमएसीएस ६२२२ आणि एमएसीएस ६४७८ ही वाणं त्यांच्यापेक्षा थोडी लवकर, ११० दिवसांच्या आसपास निघतात.

एमएसीएस ६४७८ चं उदाहरण जवळचं आहे. सातारा जिल्ह्यातल्या करंजखोप गावात शेतकऱ्यांनी ते घेतलं, तेव्हा हेक्टरी २५ ते ३० क्विंटलवरून उत्पादन ४५ ते ६० क्विंटलवर गेल्याची नोंद आहे. एकरात १८ ते २४ क्विंटल. मात्र हा आकडा वेळेवर पेरणी, पुरतं पाणी आणि खत मिळालेल्या रानाचा आहे. नुसतं बियाणं बदलून तो येत नाही.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदाच वाण बदलणाऱ्याने फुले समाधान घ्यावं. ते वेळेवरच्या आणि उशिराच्या अशा दोन्ही पेरण्यांसाठी शिफारस केलेलं आहे. परतीच्या पावसाने रान अडवलं आणि पेरणी पंधरा दिवस लांबली, तरी बियाण्याची पिशवी वाया जात नाही.

आमच्याकडे कालव्याचं पाणी आहे, पण आवर्तन (कालव्याची पाणीपाळी) कधी येईल याचा नेम नाही.

पुणे जिल्ह्यातल्या अर्ध्या गव्हाचं दुखणं हेच आहे. खडकवासला, नीरा डावा, चासकमान, कुकडी, कालवा कुठलाही असला तरी पाणी गव्हाच्या सोयीने सुटत नाही.

गव्हाला पाण्याची नड चार वेळा लागते. मुकुटमुळं फुटताना म्हणजे १८ ते २१ दिवसांनी, कांडी धरताना ४० ते ४५ दिवसांनी, फुलोऱ्यात आणि चीक भरताना ६० ते ६५ दिवसांनी आणि दाणा भरताना ८० ते ८५ दिवसांनी. समजा ८ नोव्हेंबरला पेरलं. मग तारखा येतात २९ नोव्हेंबर, २० डिसेंबर, ९ जानेवारी आणि २९ जानेवारी. दिनदर्शिकेवर या तारखांना गोल करा आणि मागच्या दोन-तीन वर्षांत आवर्तन कधी सुटलं होतं ते शेजारी लिहा. चारांपैकी किती जुळतात, तेवढं तुमचं खरं पाणी. कालव्याकाठी विहीर असेल तर चित्र सुधारतं, पण तिची जानेवारीतली पातळी धरा, दिवाळीतली धरू नका.

एक-दोनच पाणी जुळत असतील तर भरपूर पाण्याच्या वाणाच्या मागे लागू नका. नेत्रावती (एनआयएडब्ल्यू १४१५) हे कोरडवाहू आणि एका-दोन पाण्याच्या गव्हासाठीच काढलेलं वाण आहे, १०५ ते ११० दिवसांत येतं. फुले सात्विक (एनआयएडब्ल्यू ३१७०) मोजक्या पाण्यासाठी आहे आणि त्याच्या दाण्याची बिस्किटं चांगली होतात. इंदूरहून आलेलं पुसा उजाला (एचआय १६०५) हेही आपल्या द्वीपकल्पीय विभागासाठी, मर्यादित पाण्यावर वेळेवर पेरायचं वाण आहे.

एकच पाणी असेल तर कधी द्यावं?

चाळीस ते बेचाळीस दिवसांनी. दोन असतील तर पहिलं २० ते २२ आणि दुसरं ६० ते ६५ दिवसांनी. तीन असतील तर या दोन्हींच्या मध्ये बेचाळीसाव्या दिवसाचं घाला.

ऊस डिसेंबरमध्ये तुटतो. त्यानंतर गहू होईल का?

होईल, पण तोड पहिल्या पंधरवड्यात झाली तरच. उशिरासाठी एनआयएडब्ल्यू ३४ हे जुनं, खात्रीचं वाण आहे. शंभर ते एकशे पाच दिवसांत हातात येतं. फुले समाधान चालतं. अकोल्याच्या विद्यापीठाचं एकेएडब्ल्यू ४६२७ पण उशिरासाठीच आहे. लांब मुदतीचं वाण डिसेंबरात घातलं तर ओंब्या निघतील, दाणा भरणार नाही.

उशिराच्या गव्हाला फुटवे कमी येतात. म्हणून बियाणं जास्त लागतं, एकरी ५० ते ६० किलो, आणि दोन ओळींतलं अंतर २० सेंटिमीटरवरून १८ वर आणतात.

१५ डिसेंबरनंतर मात्र मी गहू सुचवत नाही. खोडकी काढायची, नांगरट करायची, रान तयार करायचं, यात नाताळ उजाडतो. तेवढ्या खर्चात चाऱ्याचा मका केला तर दावणीला उपयोगी पडेल.

मावळ, भोरच्या भातखाचरात गहू घ्यावा का?

भात निघेपर्यंत नोव्हेंबर सरत येतो आणि खाचरात वाफसा येत नाही. ओल टिकणारं रान असेल आणि एखादं पाणी देता येत असेल तर घरापुरता घ्या, उशिराच्या वाणांतूनच. नाहीतर भातामागे हरभरा, वाल, मसूर ही जुनी पद्धत काही वाईट नाही.

पूर्ण कोरडवाहू काळं रान आहे.

पंचवटी (एनआयडीडब्ल्यू १५) हा बन्सी (रवा-शेवयांचा) गहू, नेत्रावती हा सरबती आणि आघारकर संस्थेचा एमएसीएस ४०२८ हा बन्सी, या तिघांतून निवडा. एमएसीएस ४०२८ सुमारे १०२ दिवसांत निघतो आणि त्याचं सरासरी उत्पादन हेक्टरी १९ क्विंटलच्या आसपास आहे, एकरी साडेसात-आठ. कोरडवाहूला यापेक्षा जास्त कुणी सांगत असेल तर त्याच्या बांधावर जाऊन पाहावं. बियाणं एकरी ३० ते ४० किलो पुरे. दाट पेरलं तर ओल लवकर संपते.

दुकानात 'लोकवन' मागतात, मग तेच का पेरू नये?

लोक-१ हे गुजरातमधल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेचं वाण. ऐंशीच्या दशकात आलं आणि जवळपास सगळ्या महाराष्ट्राच्या घरात गेलं. दाणा टपोरा, चकचकीत, पोळी मऊ. पुण्यातल्या बाया वर्षाचा गहू भरताना आजही मूठभर दाणे तळहातावर घेऊन 'लोकवनच आहे ना' म्हणून विचारतात.

पेरणाऱ्याच्या बाजूने अडचण तांबेऱ्याची, म्हणजे पानाखोडावर पुळ्या आणणाऱ्या बुरशीच्या रोगाची. लोक-१ तांबेऱ्याला सहज बळी पडतो. चाळीस वर्षांत बुरशीने आपल्या जाती बदलल्या, वाण तेच राहिलं. ग्राहकाला हवा असतो टपोरा, पिवळसर, चमकदार दाणा आणि मऊ पोळी. तो दाणा तपोवन, फुले समाधान, एमएसीएस ६२२२ यांतूनही मिळतो. घरगुती गिऱ्हाईक असेल तर पहिल्या वर्षी दोन-दोन किलो दळून खायला द्या. पोळी आवडली की नाव कोणी विचारत नाही.

मध्य प्रदेशातल्या सिहोरी शरबती गव्हाला एवढा भाव आहे, तर तेच बियाणं आणून पेरलं तर?

भाव जितका वाणाचा, तितकाच त्या मातीचा आणि कमी पाण्याचा आहे. तिकडे शरबती म्हणून मुख्यतः सी-३०६ हे साठच्या दशकातलं उंच वाण घेतात, तेही थोड्या पाण्यावर. सिहोर शरबतीला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आपल्या बागायती रानात युरिया आणि पाणी मिळालं की हे वाण कमरेच्या वर जातं आणि पहिल्याच वाऱ्यात लोळतं. तांबेरा येतो तो वेगळाच. शिवाय बारामतीत पिकलेला गहू सिहोर म्हणून विकता येणार नाही.

युरोप-अमेरिकेतले 'विंटर व्हीट' जास्त उत्पादन देतात म्हणे. आपल्याकडेही थंडीतच गहू असतो की.

आपला गहू थंडीत घेतला जात असला तरी त्याची जात वसंती आहे. तिकडचा विंटर व्हीट शरदात पेरतात, तो बर्फाखाली महिने काढतो आणि कित्येक आठवडे कडक थंडी मिळाल्याशिवाय ओंबीच धरत नाही. पुण्यात पेरला तर गवतासारखा नुसता पसरत राहील आणि मार्चच्या उन्हात वाळून जाईल. हरित क्रांतीत मेक्सिकोतून आलेली बुटकी वाणं आपल्याकडे रुजली, कारण ती वसंती होती आणि दिवस लहान-मोठा झाल्याने त्यांचं काही अडत नव्हतं. १९६६ मध्ये भारताने तिथून १८ हजार टन बियाणं आणलं होतं. ऑनलाइन परदेशी पाकिटं मागवणाऱ्यांनी पैसे वाचवावेत.

तांबेरा ओळखायचा कसा, आणि वाण निवडताना त्याचा विचार किती करायचा?

विचार पुष्कळ करायचा. आपल्याकडे दोन तांबेरे येतात. तपकिरी तांबेऱ्यात पानावर लहान, गोल, नारिंगी-तपकिरी पुळ्या विखुरलेल्या दिसतात. बोट फिरवलं की विटकरी भुकटी बोटाला लागते. काळा तांबेरा जास्त करून खोडावर येतो, पुळ्या लांबट, वरची साल फाटलेली, आधी गडद विटकरी आणि नंतर काळ्या. पहिल्याने उतारा घटतो, दुसऱ्याने कधीकधी सगळं पीक जातं. उत्तरेतल्या पिवळ्या तांबेऱ्याला आपल्याकडची हवा फारशी मानवत नाही.

हा रोग येतो कुठून, तर दक्षिणेतून. आपल्या उन्हाळ्यात मैदानातली बुरशी टिकत नाही. निलगिरी आणि पळणीच्या थंड डोंगरांत गहू वर्षभर कुठे ना कुठे उभा असतो, तिथे ती जगते आणि नोव्हेंबरच्या सुमाराला वादळी वाऱ्या-पावसाबरोबर उत्तरेकडे सरकते. ही वाट वनस्पतिरोगशास्त्रज्ञ डॉ. के. सी. मेहता यांच्या संशोधनातून समजू लागली. आपण त्या वाटेवरच बसलो आहोत. म्हणून मध्य प्रदेशासाठी शिफारस केलेलं वाण तिथे निरोगी दिसलं तरी इथेही तसंच राहील असं नाही. पिशवी घेताना शिफारस 'द्वीपकल्पीय विभाग' किंवा महाराष्ट्रासाठी आहे का, ते विचारा.

पुळ्या दिसताच प्रोपिकोनॅझोल लिटरला १ मिलि या प्रमाणात फवारतात. ढगाळ हवा आणि दव असेल तर थांबू नका. युरिया जास्त झालेल्या रानात रोग आधी दिसतो.

सगळ्या गावाने एकच वाण घेतलं तर विक्रीला सोपं नाही का?

विक्रीला सोपं, रोगालाही सोपं. पाच एकर असतील तर दोन वाणं करा.

खपली गहू करावा का? भाव तिप्पट सांगतात.

खपलीत पैसे आहेत, पण ते शेतात कमी आणि मळणीनंतर जास्त आहेत. खपलीचा दाणा मळणी केली तरी टरफलातून सुटत नाही. त्याला वेगळं यंत्र लागतं, आणि ते जवळ नसेल तर वाहतूक, घट आणि तूट धरून तिप्पट भावातलं बरंच निघून जातं. मालाचं वजन टरफलासकट धरलंय की सडलेल्या दाण्याचं, हे व्यापाऱ्याशी आधीच बोलून घ्या. बहुतेक वाद इथेच होतात.

वाणांत आघारकर संस्थेचं एमएसीएस २९७१ आणि धारवाडचं डीडीके १०२९ ही दोन्ही बुटकी आहेत. जुनी उंच खपली हमखास लोळते. खपली वेळेवरच पेरावी, पाणी आणि नत्र दोन्हींत हात आखडता ठेवावा. पेरायचा टरफलासकट. ग्राहकाने विचारलं तर एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगा, खपलीतही ग्लुटेन असतं. ज्यांना डॉक्टरांनी गहूच वर्ज्य केलाय त्यांच्यासाठी तो नाही.

बन्सी गहू कोणासाठी?

रवा, शेवया, कुरडया करणाऱ्यांसाठी. बागायतीत गोदावरी (एनआयडीडब्ल्यू २९५), ११० ते ११५ दिवस. बचत गट शेवया करत असतील तर त्यांना आधी विचारून पेरा. रोजच्या पोळीला पुण्यातलं गिऱ्हाईक सरबतीच मागतं, मार्केट यार्डातल्या भुसार बाजारातही बन्सीला उठाव ठरावीकच असतो.

घरचं बियाणं वापरलं तर चालतं का?

चालतं. गहू स्वतःच्याच परागावर बी धरतो, त्यामुळे संकरित मक्यासारखं दरवर्षी नवीन घ्यावं लागत नाही. प्रमाणित बियाणं एकदा आणलं की तीन वर्षं काढता येतात, मात्र भेसळ उपटून काढलेल्या, काणी (ओंबीची काळी भुकटी करणारा रोग) न आलेल्या तुकड्यातलंच बी राखा. हार्वेस्टरने काढलेला माल बियाण्याला ठेवू नका. त्यात आधीच्या तीन शेतांचे दाणे असतात.

पेरणीआधी उगवण तपासा. शंभर दाणे मोजा, निवडून नाही, हाताला येतील तसे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडा, वर दुसरं ओलं गोणपाट घाला, हलकी गुंडाळी करून सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा. सहा-सात दिवसांनी उलगडून मूळ आणि कोंब दोन्ही नीट आलेलेच मोजा. नुसतं मूळ आलेला दाणा धरू नका. ८५ च्या वर आले तर उत्तम, प्रमाणित बियाण्यालाही एवढीच अट असते. ७५ आले तर एकरी ४० किलोच्या जागी ४५ किलो टाका. सत्तरच्या खाली असेल तर तो गहू गिरणीत पाठवा.

पिशवीवरच्या निळ्या, पांढऱ्या टॅगचा अर्थ काय?

निळा म्हणजे प्रमाणित, पांढरा पायाभूत, सोनेरी पिवळा पैदासकार, हिरवट म्हणजे सत्यप्रत. तुम्हाला निळा पुरेसा. सत्यप्रत वाईट असतं असं नाही, पण त्याची हमी उत्पादक स्वतः देतो.

एकरी बियाणं किती?

वेळेवर बागायती ४० ते ५० किलो. दाणा टपोरा असेल तर वरचा आकडा धरा. हजार दाणे ४० ग्रॅम भरतात तिथे किलोत पंचवीस हजार दाणे येतात, ५० ग्रॅम भरले तर वीसच हजार. टपोऱ्या वाणाचं रान विरळ का झालं, याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं. खोली पाच-सहा सेंटिमीटर, त्याखाली नको. बुटक्या वाणाचा कोंबही आखूड असतो. बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, ते सुकलं की ॲझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत, किलोला प्रत्येकी २५ ग्रॅम.

लोह आणि जस्त जास्त असलेल्या वाणांना वेगळा भाव मिळतो का?

बाजार समितीत नाही. एमएसीएस ६४७८ आणि ४०२८ मध्ये प्रथिनं १४ टक्क्यांच्या वर आणि जस्त ४० पीपीएमच्या वर आहे, पण आडत्या दाण्याचा रंग, आकार आणि ओलावा पाहतो. पुणे-पिंपरीत सोसायट्यांना थेट विकणाऱ्यांना मात्र ही माहिती सांगून विकता येते. आणि घरी खायचा असेल तर भाव कशाला पाहायचा?

बियाणं कुठे मिळेल?

महाबीज आणि राष्ट्रीय बीज निगमची विक्री केंद्रं, निफाडचं केंद्र, राहुरी विद्यापीठाचा बियाणे विभाग. एमएसीएस वाणांसाठी आघारकर संस्थेकडे चौकशी करा. बारामती तालुक्यात होळ इथे संस्थेचं प्रक्षेत्र आहे, जानेवारी-फेब्रुवारीत जमलं तर उभी वाणं पाहून या. नारायणगाव आणि बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रांतही विचारा. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात गेलात तर हवं ते वाण मिळेलच असं नाही.

पेरणी झाली, आता पिशवी आणि पावती टाकून दिली तर चालेल?

नको. टॅग, पावती आणि मूठभर बियाणं कोरड्या डब्यात काढणीपर्यंत ठेवा. उगवण कमी झाली किंवा ओंब्या आल्यावर भेसळ दिसली तर लगेच तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यायची असते. तपासणीला समिती येते तेव्हा पहिल्यांदा याच तीन गोष्टी मागते. समिती येऊन जाईपर्यंत तो तुकडा मोडू नका, आणि आठ-दहा दिवस वाट पाहून मग कळवू असंही करू नका.